पेटीला पाय

रेडिओच्या पेटीखाली संत्री ठेवणारा माणूस पांढुर्ण्यात माझ्याआधी कोणी झाला नसावा, आणि माझ्यानंतर तर नक्कीच झाला नाही. चार कोपऱ्यांना चार संत्री, तीही सासऱ्यांच्या बागेतून आलेली, एकसारख्या आकाराची निवडून घेतलेली. डोक्यातला विचार असा, की संत्र्याची साल जाड, आत रस, म्हणजे देवानंच करून ठेवलेली उशी. मालगाडीचा हादरा खालून येईल, संत्र्यात जिरेल आणि वरची सुई जागची हलणार नाही. पेटी ठेवली, रेकॉर्ड लावली, दोन पावलं मागं सरकलो आणि बायकोकडं पाहिलं. गाणाऱ्या बाईंनी पहिला आलाप घेतला, तोच मागच्या कोपऱ्यातून फस्सकन आवाज आला. पेटी नमस्काराला वाकावी तशी एका अंगानं वाकली, सुई रेकॉर्डवरून फरफटत गेली आणि तखताच्या कडेवरून रस खाली ठिबकू लागला.

"रस काढून राहिले का?" बायको म्हणाली. "मंग भांडं तरी लावा खाली."

आता हे सगळं करायची मला गरज का पडली, ते सांगतो. म्हणजे सांगायचा प्रयत्न करतो. त्या दिवसांतलं पुष्कळ काही मला तेव्हाही नीट समजलं नव्हतं.

आमचा जुना मध्यप्रांत मोडला त्या सालातली ही गोष्ट. नागपूर मुंबईच्या राज्यात गेलं आणि आम्ही भोपाळकडं. कालपर्यंत नागपूरला जाणं म्हणजे राजधानीला जाणं होतं, आता तेच परराज्यात जाणं झालं. गाडी तीच, फलाट तोच, डब्यातली गर्दीसुद्धा तीच. माझ्या कापडाच्या दुकानात येणारं गिऱ्हाईक लुगडं पाहता पाहता विचारायचं, "शेठ, आपुन आता कोण झालो?" मी म्हणायचो, "तुम्ही गिऱ्हाईक, मी दुकानदार. काठ पसंत आहे का सांगा." पण मनातून मलाही ठाऊक नव्हतं.

सौंसरला एक सरकारी साहेब होते. इकडं राहायचं की तिकडं जायचं, असं त्यांना विचारण्यात आलं. ते तिकडं निघाले आणि जाताना घरातलं जड सामान विकून गेले. त्यातली ही पेटी मी घेतली. रेडिओ आणि रेकॉर्ड वाजवायची तबकडी एकाच लाकडी खोक्यात, वर झाकण, पुढं जाळीचं कापड. सौंसरहून ती बैलगाडीत कापसाच्या गाठोड्यांमध्ये बसून आली आणि आमच्या बैठकीतल्या लांब तखताच्या एका टोकावर विराजमान झाली. तखताचं दुसरं टोक माझ्या सासऱ्यांचं.

सासऱ्यांना मी मामाजी म्हणायचो. ते जाम नदीच्या पलीकडं, सावरगावला राहत. वर्षातून एक दिवस, पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी, आमचं गाव आणि त्यांचं गाव नदीत उभं राहून एकमेकांना दगड मारतं, तीच आमची गोटमारी. बाकीचे दिवस आमच्यात सोयरीक असते. सासूबाई गेल्यापासून मामाजी रोज संध्याकाळी नदी ओलांडून लेकीकडं येऊ लागले होते. मात्र लेकीच्या घरचं अन्नपाणी घ्यायचं नाही, हा त्यांचा जुना नेम. आम्हाला पोरं झाली तरी त्यांनी तो सोडला नाही. घरून पाणी पिऊन येत आणि घरी जाऊन पाणी पीत. बायको चहा करून पाहायची, चिवडा पुढं ठेवून पाहायची. ते हसून ताटली परत तिच्याकडं सरकवायचे. तखतावर घातलेल्या गादीवरसुद्धा ते बसत नसत. आल्या आल्या गादी गुंडाळून बाजूला करायची आणि उघड्या लाकडावर मांडी घालायची. मी म्हणायचो, "मामाजी, गादीला कसला आला दोष?" ते म्हणायचे, "लाकूड बरं जी." मी समजलो, नेम जरा लांबवर गेला आहे.

पेटी आली तेव्हापासून मात्र ते गाणं ऐकायचे. एक हात लाकडावर ठेवून, डोळे मिटून. तरुणपणी भजनात मृदंग वाजवलेला, त्यामुळे बोटं आपोआप हलायची. बायको स्वयंपाकघराच्या दारातून ते पाहत उभी राहायची. एकदा मला म्हणाली, "माह्या घरातून बाबा दुसरं काईच घेत नाईत. एवढं गाणं घेतात. थे बंद पडू देऊ नका." हे तिनं अशा आवाजात सांगितलं, की मी दुसऱ्याच दिवशी पेटीवर घालायला मखमलीचा तुकडा फाडला.

रेकॉर्ड संपली की मामाजी रोज एकच प्रश्न विचारत. "काय म्हणते मंग रेडिओ? नागपूर का भोपाळ?"

मी सविस्तर सांगायचो. भोपाळ ठरलं, जिल्हा छिंदवाडाच राहिला, कचेरीच्या कागदांवर कसं लिहून येतं, सगळं. ते मान हलवायचे. "हं." आणि दुसऱ्या दिवशी पुन्हा, "काय म्हणते मंग? नागपूर का भोपाळ?" निकाल लागून महिने झाले तरी प्रश्न तोच. मी समजलो, हा म्हाताऱ्या माणसाचा निषेध आहे. निर्णय मान्य नसला की माणूस तो ऐकलाच नाही असं दाखवतो. मला त्यांच्याबद्दल फार आदर वाटला.

आता बटण. दुकान पुढं आणि घर मागं, त्यामुळे रेकॉर्ड लावून मी गिऱ्हाइकाकडं जायचो. जाताना आवाजाचं बटण मध्यावर ठेवायचो. परत येऊन पाहावं तर बटण पार उजवीकडं, पेटी गरजते आहे, आणि गाण्याच्या मागून शंख फुंकल्यासारखा हूंऽऽ असा आवाज चढत चाललाय. त्या आवाजानं सुई उड्या मारायची आणि बाई एकच ओळ पुन्हा पुन्हा म्हणत राहायच्या. मी बटण मागं आणायचो. पुन्हा फिरून आलो की बटण पुन्हा उजवीकडं.

बायकोला विचारलं. ती तांदूळ निवडत होती. मान वर न करता म्हणाली, "मालगाडी गेली ना आत्ता. हादऱ्यानं सरकलं असन."

मला हे एकदम पटलं. रेल्वेलाइन आमच्या परसापासून फार लांब नाही. गाडी गेली की मांडणीवरचे पितळी डबे बोलतात, हे मी रोज ऐकत होतो. हादऱ्यानं डबे बोलतात, हादऱ्यानं सुई उडते, मग हादऱ्यानं बटण का सरकू नये? फक्त एक शंका होती. बटण नेहमी उजवीकडंच का सरकतं? यावर मी असा तोडगा काढला, की गाडी नागपूरकडं जाते म्हणून. उलट दिशेला, इटारसीकडं जाणाऱ्या गाडीनंही ते उजवीकडंच सरकतं, हे लक्षात आल्यावर मी त्या दिशेचा विचार करणं सोडून दिलं.

थोडक्यात, पेटीला हादरा लागू नये असे पाय करणं भाग होतं. संत्र्यांचं झालं ते सांगितलंच. त्यानंतर औषधाच्या बाटल्यांची बुचं लावली. ती पेटीच्या वजनानं दबून पत्र्यासारखी झाली. मग पोरांचे रबरी चेंडू अर्धे कापले, तर पेटी डुलू लागली आणि पोरं रडू लागली. शेवटी शेजारचे मालबाबू मदतीला आले. हे स्टेशनात माल नोंदवण्याचं काम करत आणि हवा पडली तरी त्यावर मत देत. त्यांनी फेकून दिलेल्या जाड रबरी पाइपाचा तुकडा आणला आणि म्हणाले, "रेल्वे का झटका, रेल्वे का ही रबर. घ्या."

मग जे पाय झाले त्यांचा मला आजही अभिमान आहे. खाली पितळी वाटी. वाटीत बोटभर वाळू, जामच्या पात्रातली, धुऊन वाळवलेली. वाळूवर रबरी पाइपाची चकती. चकतीच्या भोकात सायकलच्या ट्यूबची पिशवी, आत ठासून भरलेला कापूस. आणि वर बुचाची टोपी. असे चार पाय. मालबाबूंनी आणि मी पेटी उचलून त्यांच्यावर ठेवली, वर काठोकाठ पाण्याचा पेला ठेवला आणि मालगाडीची वाट पाहत बसलो. गाडी आली, डबे बोलले, पेल्यातल्या पाण्यावर सुरकुती नाही.

"अब ये पेटी हवा में है," मालबाबू म्हणाले.

"आणि माह्या वाट्या?" बायको म्हणाली. "उद्या वरण कायात वाढू?"

त्या संध्याकाळी मी मामाजींची वाट पाहत दारात उभा होतो. ते आले, गादी गुंडाळली, बसले, हात लाकडावर ठेवला. मी रेकॉर्ड लावली. सुई उडाली नाही, हूं नाही, इतकं स्वच्छ गाणं पांढुर्ण्यात कोणी ऐकलं नसेल. पण मामाजींचा हात तखतावर इकडून तिकडं फिरत होता, काही सांडलेलं चाचपावं तसा. मध्येच त्यांनी डोळे उघडून फिरणाऱ्या रेकॉर्डकडं पाहिलं.

"बिघडली का जी पेटी?"

"बिघडली? सुधारली, मामाजी!"

"हं," ते म्हणाले, आणि रेकॉर्ड संपायच्या आत उठून गेले. नागपूर का भोपाळ, हेसुद्धा विचारलं नाही. दुसऱ्या दिवशी आले नाहीत. तिसऱ्या दिवशीही नाहीत. आणि मी बटण पाहिलं तर ते उजवीकडं सरकलेलं होतं. हादरा नाही, गाडी नाही, ऐकायला माणूस नाही, आणि बटण उजवीकडं!

बायकोनं मला धारेवर धरलं. "काय बोलले तुम्ही बाबांले?"

"काही नाही."

"काई तं बोलले असान. उगीच नाई माणूस येणं सोडत."

"सुधारली म्हणालो, एवढंच."

"कोण सुधारली?"

"पेटी!"

तिनं माझ्याकडं असं पाहिलं, की मी खरंच दुसरं काही बोललो होतो का, असं मलाही वाटायला लागलं. ती भांडत होती, पण डोळे भांडणाचे नव्हते. भाजी चिरता चिरता थांबायची, दाराकडं पाहायची. शनिवारी जामसांवलीच्या मारुतीला जाऊन येते म्हणाली. कशासाठी, ते सांगेना.

मी कारणं शोधू लागलो. त्यांनी प्रेमानं धाडलेली संत्री मी पेटीखाली चेंगरली, हे कोणी सांगितलं असेल. की यंदा गोटमारीनंतर "सावरगावचा नेम चुकला" असं मी हसत म्हणालो होतो, ते आता लागलं? की भोपाळबद्दल मी फार उत्साहानं बोललो? तिन्ही कारणं खरी वाटत होती. शेवटी ठरवलं, जाऊन तिन्हींची माफी मागायची. एक तरी लागू पडेल.

नदीला घोट्याएवढं पाणी होतं. बागेत मामाजी बाजेवर बसले होते, माझ्याकडं पाठ. हाक मारली, "मामाजी!" हू नाही की चू नाही. मोठ्यानं मारली. झाडाखाली संत्री भरत बसलेल्या बायांनी वळून पाहिलं, मामाजींनी नाही. इतका राग! मी अगदी त्यांच्या पाठीशी जाऊन उभा राहिलो आणि ठरवून आणलेलं सगळं बोलून टाकलं. संत्र्यांपासून सुरुवात केली, गोटमारीवर आलो, दोन्ही गावं एकच आहेत म्हणालो, भोपाळशी माझं व्यक्तिशः काही देणंघेणं नाही, हेही सांगितलं. मामाजी समोरच्या झाडाकडं पाहत शांतपणे कान खाजवत होते.

संपलं, असं मला वाटलं. सासर तुटलं. मी बाजेच्या कडेवर टेकलो. सुंभ करकरला, बाज हलली, आणि मामाजी झटकन वळले.

"अरे, जवाईबापू!" चेहरा आनंदानं फुललेला. "कवा आले? आवाज तं द्याचा!"

त्यांनी गुळपाणी मागवलं, कापसाचं सांगितलं, बागेचं सांगितलं, मला बोलायची पाळी येऊच दिली नाही. त्यांची ही सवयच होती. निघताना मी कसंबसं विचारलं, "येत का नाही तुम्ही?" माझ्या तोंडाकडं पाहत ते म्हणाले, "येऊन काय करू जी? थे पेटी मेली. पहिले कशी बोले. आता बसलो तं हाताले काईच येत नाई."

हाताले. नदी ओलांडेपर्यंत तो शब्द माझ्याबरोबर चालत होता. हाताला काय यायला पाहिजे होतं?

घरी येऊन गादी गुंडाळली. मामाजींच्या जागी त्यांच्यासारखी मांडी घातली, दोन्ही कानांत कापूस कोंबला, वरून पंचा बांधला आणि हात लाकडावर ठेवला. रेकॉर्ड फिरत होती. हाताला लाकूड लागत होतं, बाकी काही नाही. मग मालबाबूंना बोलावून पेटी उचलली, माझे चारही पाय काढले, पेटी पहिल्यासारखी थेट तखतावर ठेवली, रेकॉर्ड पुन्हा लावली आणि हात टेकवला.

तखत जिवंत झालं होतं. गाणं नव्हे, शब्द नव्हेत. पण तबल्याचा प्रत्येक ठोका लाकडातून तळहातात येत होता. बाई वर चढल्या की बारीक थरथर यायची. आणि मला बागेतली बाज आठवली, न ऐकलेली हाक आठवली, रोज विचारलेला तो प्रश्न आठवला.

"मामाजींना ऐकू येत नाही!" मी ओरडलो. कानात कापूस असल्यामुळे किती मोठ्यानं, ते मला समजलं नाही. मालबाबू दचकले ते मला दिसलं.

बायको पिठाच्या हातानं धावत आली आणि तिनं बोट ओठांवर ठेवलं. मी पंचा सोडला.

"हळू बोला. मले माहीत आहे," ती म्हणाली. "माय गेली त्याच्या अगोदरपासून कमी येते. सांगू नको म्हणे. बहिरा सासरा म्हणून पांढुर्णा हसन, म्हणे. मोठा आवाज केला का थोडं समजते, असं मले वाटे. आता तेवढंई गेलं असन, म्हणून येत नाईत..."

मी तिचा पिठाचा हात धरला आणि तखतावर टेकवला. ती आधी माझ्याकडं पाहत राहिली, मग लाकडाकडं. मग हळूच खाली बसली आणि रेकॉर्ड संपेपर्यंत तिनं हात उचलला नाही. तखतावर तिच्या पाच बोटांचा पिठाचा ठसा उमटला.

मालबाबूंना शपथ घातली. मग दुसऱ्या दिवशी मी पेटीचं झाकण उघडून, तबकडी ज्या फळीवर बसवली होती तिचे स्क्रू सैल केले आणि फळीखाली माझ्याच पायांतली रबरं लहान कापून बसवली. हादरे बाहेरून येतात म्हणून मी पेटीबाहेर पहारा लावला होता. सुई खरी हलत होती ती पेटीच्याच, तखतातून परत येणाऱ्या आवाजानं. आता पेटी तखतावर घट्ट आणि तबकडी रबरावर. बटण पूर्ण उजवीकडं केलं तरी हूं आला नाही, आणि तखत ढोलासारखं बोलत राहिलं. वाट्या घासून मांडणीत गेल्या.

संध्याकाळी बायको स्वतः नदीपर्यंत जाऊन बापाला घेऊन आली. मामाजींनी गादी गुंडाळायला हात पुढं केला, तर गादी तिथं नव्हतीच. तिनं ती आधीच उचलून ठेवली होती. ते बसले. हात ठेवला. क्षणभर बोटं गप्प होती. मग पहिल्या बोटानं एक ठोका दिला, मग दुसऱ्यानं, आणि डोळे मिटले.

"सुधारली," ते म्हणाले.

रेकॉर्ड संपली. "काय म्हणते मंग रेडिओ? नागपूर का भोपाळ?"

मी उठलो, त्यांच्या बरोबर समोर जाऊन बसलो आणि एकेक अक्षर उघडं करून म्हणालो, "भोपाळ, मामाजी. ठरलं."

त्यांनी माझ्या तोंडाकडं पाहिलं, मग माझ्या डोळ्यांकडं. "अरे बाप्पा!" ते म्हणाले. "कवा?"

बायको पदर तोंडाशी धरून आत पळाली. मामाजींनी मान हलवली. मग आता काय करायचं, म्हणून त्यांनी आणखी एक रेकॉर्ड लावायला सांगितली.

ते गेल्यावर मी पेटीचं झाकण लावत म्हणालो, "सगळं समजलं. हात समजला, गादी समजली, प्रश्न समजला. फक्त ते बटण नाही समजलं. पाय लावले तरी ते उजवीकडं कसं सरकत होतं?"

बायको तखतावरचा पिठाचा ठसा पुसायला फडकं घेऊन आली होती. पुसायचं तिनं टाळलं, फडकं खांद्यावर टाकलं.

"थे हादऱ्यानं नवतं सरकत जी," ती म्हणाली. "बाबा येतीन म्हणून रोज मी सरकवत होती."